जिवावर येणे

शिवाजीनगर कोर्टाच्या फाटकाबाहेर
झाडाखाली माझं टेबल. एक पाय आखूड,
त्याखाली मागच्या वर्षीची डायरी.
मराठीचं इंग्रजी, पानाला चाळीस रुपये.
इंग्रजीचं मराठी तीस,
कारण ते वाचून कुणी निकाल देत नाही.

मार्चातल्या एका मंगळवारी
परांजपे वकिलांचा पोरगा साक्षीची पानं टाकून गेला.
साक्षीदार क्रमांक तीन :
सोपान ज्ञानू ढमढेरे, वय एकाहत्तर, राहणार नाना पेठ,
धंदा काही नाही, पूर्वी तालमीत.
गुलटेकडीला टेम्पोखाली एक हमाल गेला.
टेम्पो पुतण्याचा. शेजारच्या सीटवर हे.

प्रश्न : टेम्पो कोण चालवत होतं?
उत्तर : साहेब, सांगायचं जिवावर येतंय.

माझी बोटं तिथे थांबली.
जिवावर. म्हणजे नेमकं कुठे?
छातीवर येतं, की मानेवर बसतं,
आणि ते इंग्रजीत कुठे ठेवायचं?
अनविलिंग लिहिलं, खोडलं. त्यात नुसता नकार.
हेझिटंट लिहिलं. पण अडखळणाऱ्याला
पुढचा शब्द सापडत नसतो.
यांना तो चांगलाच सापडला होता.

मग रिलक्टंट.
अप्पा बळवंत चौकातून जुना घेतलेला माझा कोश,
पाठ उसवलेली, दोऱ्याने बांधलेला.
बारीक अक्षरात : लॅटिनमधून.
लुक्तारी, म्हणजे कुस्ती खेळणे.
आधी रि, म्हणजे उलट, विरुद्ध.

वीस वर्षं मी हा शब्द
'नको, नको, आत्ताच झालाय' म्हणत
कप पुढे ओढणाऱ्या पाहुण्यासारखा वापरला.
ग्रुप फोटोत मागे सरकणाऱ्या मावशीसारखा.
आणि याच्या आत लंगोट!
याच्या आत हौदा, तांबडी माती, शड्डू,
गुडघ्याखाली दाबलेली कुणाची तरी मान.
आमच्या आढेवेढ्यांतही वेढा आहे म्हणा,
पण तो आम्ही स्वतःभोवतीच घेतो.

पानाच्या तळाशी कंसात,
कारकुनाच्या घाईच्या अक्षरात :
साक्षीदार सुमारे तीन मिनिटे गप्प.
त्याच्याखाली : संदेश चालवत होता. माझा पुतण्या.
तीन मिनिटं. मी घड्याळ लावून बसून पाहिलं.
समोरच्या चहावाल्याचं दूध उतू जाऊन,
त्याने पुसून, शिव्या देऊन, दुसरं चढवलं
तरी संपली नव्हती.

वकील म्हणाले, अहो बाई, ते जिवाबिवाचं गाळा,
गप्प होता तेही नको. उत्तर तेवढं घ्या.
मी हो म्हणाले.
आणि टाइप करताना दोन्ही ठेवलं.

पंधरा दिवसांनी साक्षभत्ता घ्यायला म्हातारा आला,
त्याच्या अर्जासाठी माझ्याच टेबलाशी.
नाव सांगण्याआधीच मी कान ओळखले :
मोडलेले, मिटलेले,
कणकेचा गोळा मुठीत दाबून तसाच वाळू द्यावा, तसे.

अर्ज झाला. सही झाली. पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, माझं बोलणं तुम्हीच केलंत ना इंग्रजीत?
वाचा की जरा.
मी वाचलं.
त्या शब्दाशी त्याने बोट वर केलं. हे काय?
मी सांगितलं, कुस्ती आहे, तात्या. उलट बाजूने खेळायची.
वाटलं, खूश होईल.

बराच वेळ कोर्टाच्या भिंतीकडे बघत राहिला.
मग म्हणाला, न्हाई बाई.
कुस्तीत हरलं की घरी जाता येतं.

अर्जाची घडी खिशात घातली,
दोन पावलं गेला, परत आला,
आणि विचारलं, नाना पेठेची बस कुठून मिळते.
जन्म पुण्यात गेला होता त्याचा.
मी हात करून दाखवलं.
तो दुसऱ्या बाजूला चालू लागला.